पांढरे पट्टे मानेकडून की शेपटीकडून?

होळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. नागपुरात वसंत फार दिवस मुक्काम करीत नाही. फाल्गुन लागताच दुपारचा पारा ३५ अंशांच्या पुढे जातो, रात्री मात्र अजून गार असतात, आणि ज्यांच्या शरीराचे तापमान बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते ते साप थंडीतले बीळ सोडून ऊन, भक्ष्य आणि जोडीदार यांच्या शोधात हिंडू लागतात. नेमक्या याच दिवसांत आपण मागच्या खोलीतला कूलर बाहेर काढतो, होळीसाठी लाकडे आणि गोवऱ्या उपसतो, अंगणातला पालापाचोळा गोळा करतो, आणि मग वर्षभर एकमेकांना न दिसलेले दोन शेजारी समोरासमोर येतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : कूलरचा स्टँड हलवताना त्याखालून दीड फूट लांबीचा, गडद रंगाचा आणि पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा साप निघाला. शेजाऱ्यांनी ‘मण्यार आहे’ असे सांगितल्यामुळे तो मारला. आता मनाला चुटपुट लागली आहे. छायाचित्र सोबत पाठवले आहे. तो खरोखर मण्यार होता का? (एक वाचक, मनीषनगर)

तो मण्यार नव्हता. छायाचित्रातला साप कवड्या आहे आणि कवड्या पूर्णपणे बिनविषारी असतो. घरात निघणाऱ्या सापांमध्ये सर्वाधिक गैरसमजाला बळी पडणारा साप हाच असल्यामुळे या उत्तराला थोडी जास्त जागा देतो.

छायाचित्र मोठे करून पाहा. सापाच्या अंगाचा रंग काळा नसून भाजलेल्या कॉफीसारखा तपकिरी आहे. मानेच्या लगेच मागे एक रुंद पिवळसर-पांढरा पट्टा आहे, त्यामागचे पट्टेही ठळक आहेत, आणि कुशीवर उतरताना ते फाटे फुटल्यासारखे रुंद होतात. जसजसे शेपटीकडे जावे तसतसे ते पुसट होत जातात आणि शेवटच्या भागात जवळजवळ नाहीसे होतात. डोके चपटे आहे आणि तोंड पुढे थोडे पसरट आहे. ही सगळी कवड्याची लक्षणे आहेत. मण्यारीत हा क्रम बहुधा उलटा असतो. तिचे अंग निळसर झाक असलेल्या चकचकीत काळ्या रंगाचे असते, मानेकडच्या भागात पट्टे नसतात किंवा तेथे केवळ ठिपके असतात, आणि अंगाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत बारीक पांढरे पट्टे, पुष्कळदा दोन-दोनच्या जोडीने, स्पष्ट होत जातात. म्हणून पट्टे मानेकडून सुरू होऊन मागे विरतात की मागच्या बाजूला ठळक होत जातात, हा पहिला प्रश्न स्वतःला विचारावा.

तथापि या एका लक्षणावर कोणी जिवाची जोखीम घेऊ नये. काही मण्यारींच्या अंगावर पट्टे मानेपर्यंत असतात, तर काहींच्या अंगावर ते अजिबात नसतात. खात्रीचे लक्षण पाठीच्या मध्यरेषेवर असते. मण्यारीच्या पाठीच्या बरोबर मध्यभागी, मानेपासून शेपटीपर्यंत, षट्कोनी खवल्यांची एक रांग असते आणि हे खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे असतात. मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांची एकच ओळ पाठीवर मांडावी तशी ती दिसते. कवड्याच्या पाठीवरचे सगळे खवले एकाच मापाचे असतात. दूर उभे राहून मोबाइलच्या झूमने काढलेल्या चांगल्या छायाचित्रात ही रांग ओळखू येते, आणि ती पाहण्यासाठी सापाजवळ जाण्याचे काहीच कारण नाही.

मी स्वतः याबाबतीत एकदा चुकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका धान्याच्या खोलीत टॉर्चच्या पिवळ्या उजेडात मला करडा, मळकट दिसणारा आणि पुसट पट्ट्यांचा साप दिसला आणि मी घरच्यांना तो कवड्या असल्याचे सांगून टाकले. उचलण्यासाठी वाकलो तेव्हा त्याचे डोळे दुधाळ निळे दिसले आणि मी जागीच थांबलो. कात टाकण्यापूर्वी काही दिवस सापाची कातडी निस्तेज होते, डोळ्यांवर पांढुरके पटल येते, आणि चकचकीत काळी मण्यारसुद्धा अशा वेळी राखाडी दिसते. उजेड नीट पाडून पाठ पाहिली तेव्हा षट्कोनी खवल्यांची रांग स्पष्ट होती. त्या दिवसापासून अंधुक उजेडात रंगावरून निदान करणे मी सोडून दिले.

कवड्या तुमच्या घरी कशासाठी आला याचे उत्तर तुमच्या भिंतीवर आहे. पाली हे त्याचे आवडते खाद्य आहे, आणि खडबडीत भिंती, पाइप व खिडक्यांच्या चौकटी चढण्यात तो तरबेज असल्यामुळे तो दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरही निघतो. त्याच्या जबड्यात पुढच्या बाजूला लांब दात असतात आणि त्यामुळे तो चावल्यावर कधीकधी दोन ठिपके उमटतात. दोन ठिपके म्हणजे विषारी साप, ही समजूत त्यामुळे दोन्ही बाजूंनी फसवी ठरते, कारण मण्यारीच्या दंशाची खूण कित्येकदा डास चावल्याइतकीसुद्धा दिसत नाही.

प्रश्न : आमच्या ले-आऊटमध्ये शेजारच्या बांधकामाच्या विटांपाशी सकाळच्या उन्हात एक जाड, ठिपकेदार साप पडून असतो. कामगार म्हणतात अजगराचे पिल्लू आहे, मुलगा म्हणतो डुरक्या आहे, मला घोणस वाटते. कोणाचे बरोबर? (एक निवृत्त शिक्षक, हिंगणा रोड)

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींमुळे माझे मत तुमच्या बाजूला झुकते. तो साप माणूस जवळ गेला तरी जागचा हलत नाही आणि ‘कुकरची शिट्टी होण्यापूर्वी वाफ सुटते तसा आवाज काढतो’, असे तुम्ही म्हणता. ही घोणसीची सवय आहे. ती पळून जाण्याऐवजी वेटोळे करून फूत्कारत राहते, आणि हा फूत्कार एवढा मोठा व लांबलेला असतो की एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नाही.

घोणसीचे डोके त्रिकोणी असते, त्यावर बारीक खवले असतात आणि मान स्पष्टपणे अरुंद असते. पाठीवर गडद तपकिरी लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. प्रत्येक ठिपक्याला काळी आणि तिच्याबाहेर बहुधा पांढरट कडा असते, आणि मधली रांग साखळीच्या कड्यांप्रमाणे शिस्तीत जाते. ही शिस्त अजगरात नाही. अजगराच्या अंगावर नकाशातल्या जिल्ह्यांसारखे वेडेवाकडे, मोठे, एकमेकांना भिडणारे तुकडे असतात, कातडी गुळगुळीत असते आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. डुरक्या घोणस या नावातच ‘घोणस’ असल्यामुळे घोटाळा वाढतो, पण हा साप बिनविषारी आहे. त्याची मान वेगळी दिसत नाही, डोळे अगदी लहान असतात, डाग नागमोडी रेषेत एकमेकांत मिसळलेले असतात, आणि शेपटी इतकी आखूड असते की ती मध्येच तोडल्यासारखी वाटते. घोणसीची शेपटी मात्र हळूहळू निमुळती होत जाते.

‘अजगराचे पिल्लू’ समजून घोणस हाताने उचलणे ही आपल्याकडे वारंवार होणारी आणि जीवघेणी चूक आहे. कामगारांना आजच्या आज हे समजावून सांगा, विटांकडे जाणारा रस्ता बंद करा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. उन्हाळा सरताना आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला घोणस थेट पिल्लांना जन्म देते. एका वेळी २० ते ४० पिल्ले, कधी त्याहूनही जास्त होतात, आणि प्रत्येक पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असते. मादी असल्यास तिला आत्ताच प्रशिक्षित माणसाकडून हलवणे सगळ्यांच्याच हिताचे आहे.

प्रश्न : न्हाणीघराच्या जाळीतून गांडुळासारखे पण वळवळत वेगाने जाणारे काळपट काहीतरी येते. हे सापाचे पिल्लू आहे का? (एक गृहिणी, महाल)

हा वाळा आहे. तो पूर्ण वाढलेला सापच आहे, पण लांबी वीतभरसुद्धा नसते आणि त्याच्यापासून माणसाला कोणताही धोका नाही. गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात, वाळ्याचे अंग मात्र तेल लावल्यासारखे सलग चमकते. डोळे खवल्याखाली दोन काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. तो मुंग्यांची व वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. या जातीत केवळ माद्याच असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात, ही सर्पसृष्टीतली फार दुर्मीळ गोष्ट तुमच्या न्हाणीघरात घडते आहे. कूलरच्या ताटीतला सुगंधी वाळा आणि जाळीतला हा वाळा, दोघांचे नाव एक आणि दोघांनाही ओलावा हवा. कागदावर घेऊन कुंडीत सोडावा. गरम पाणी ओतू नये.

प्रश्न : रिकाम्या प्लॉटवर नाग आणि धामण यांची जोडी अर्धा तास एकमेकांना विळखे घालून उभी होती. आईने त्यांच्यावर नवे पांढरे कापड टाकायला सांगितले. नाग आणि धामण नर-मादी असतात हे खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, बेसा)

हे खरे नाही. नाग आणि धामण या दोन स्वतंत्र जाती आहेत, दोन्हींमध्ये नर आणि मादी असतात आणि त्यांचा एकमेकांशी संकर होत नाही. तुम्ही पाहिले ते बहुधा मीलनही नव्हते. धामणीचे दोन नर विणीच्या काळात अंगे एकमेकांभोवती पिळून पुढचा भाग उंच उचलतात आणि दुसऱ्याचे डोके खाली दाबण्याचा प्रयत्न करतात. ही कुस्ती आहे. तिच्यात कोणी कोणाला चावत नाही. हरलेला निघून जातो. मीलनाच्या वेळी नर-मादी बराच वेळ जमिनीलगत पडून राहतात. आईंच्या श्रद्धेविषयी मी काही बोलणार नाही, पण कापड टाकण्यासाठी जेवढे जवळ जावे लागते तेवढे जवळ कोणत्याही सापाच्या जाऊ नये, एवढे त्यांना माझ्या वतीने अवश्य सांगा.

फणा काढलेला नाग सगळ्यांनाच ओळखता येतो, परंतु नाग सरपटताना फणा मिटलेलाच असतो आणि घोटाळा त्याच वेळी होतो. धामणीचे डोळे मोठे आणि गोल असतात, मान बारीक असते, आणि ओठांवरच्या खवल्यांच्या सांध्यांवर काळ्या उभ्या रेघा ओढलेल्या असतात. पेन्सिलीने आखल्यासारख्या त्या दिसतात. अंगाच्या मागच्या भागावर काळसर जाळी असते. नागाच्या ओठांवर अशा रेघांची रांग नसते, त्याचे डोके मानेपासून फारसे वेगळे दिसत नाही, आणि अंग उंचावले तर गळ्याखाली रुंद काळसर पट्टे दिसतात. फणीवरची दहाच्या आकड्यासारखी किंवा चष्म्यासारखी खूण प्रत्येक नागावर असतेच असे नाही, त्यामुळे ‘खूण नाही म्हणजे नाग नाही’ हा निष्कर्ष काढू नये.

धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते आणि तिच्या शेपटीत काटा असतो, असे तुमच्या आजीने सांगितल्याचे तुम्ही लिहिता. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढून पिण्याजोगी नाही आणि धामणीच्या शेपटीत काहीही नाही. गोठ्यात ती उंदरांसाठी येते. ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यात धामण आहे त्याचे धान्य उंदरांपासून वाचते, आणि ती दिसताक्षणी मारली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : स्टोअर रूममध्ये सुमारे चार फुटांची कात मिळाली. घरात लहान मूल आहे. कातीवरून साप विषारी होता की नाही हे कळते का? (एक वाचक, गोधनी)

पुष्कळदा कळते, पण त्यासाठी कात अखंड हवी. ती पाण्याने किंचित ओलसर करून पांढऱ्या कागदावर सपाट पसरा. साप कात मोज्यासारखी उलटी काढतो आणि ती ताणली जाते, म्हणून चार फुटांच्या कातीचा मालक चार फुटांपेक्षा लहान असतो. आता पाठीच्या मध्यरेषेकडे पाहा. तेथे मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असेल तर आधीच्या उत्तरातली मण्यार डोळ्यांपुढे आणा. मग कात उलटी करून शेपटीची खालची बाजू पाहा. मण्यारीच्या शेपटीखाली खवले एकेरी आणि अखंड असतात, तर धामण, कवड्या आणि तस्कर (हाही एक बिनविषारी साप) यांच्या शेपटीखाली ते जोडीजोडीने असतात. नागाच्या शेपटीखालीही जोड्याच असतात, म्हणून जोड्या दिसल्या की निश्चिंत व्हावे, असे मात्र नाही. अंगावरच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यभागी उंचवट्याची रेघ बोटाला लागत असेल, डोक्यावर मोठ्या ढालींऐवजी बारीक खवले असतील, आणि अंगाच्या मध्यावर आडव्या रांगेत खवल्यांची संख्या २७ ते ३३ भरत असेल, तर ती घोणस आहे. मण्यारीत हीच संख्या साधारण १५ ते १७ असते.

तुमच्या कातीचे जे छायाचित्र मिळाले त्यात शेपटीचा भाग तुटलेला आहे, परंतु पाठीवरचे खवले सारख्या मापाचे आहेत आणि डोक्यावर मोठ्या ढाली आहेत. म्हणजे मण्यार आणि घोणस या दोघी वगळता येतात. ती धामण, तस्कर किंवा नाग यांपैकी कोणाचीही असू शकते, आणि घरात लहान मूल असताना यापुढे अंदाज करणे मला योग्य वाटत नाही. जाणकार सर्पमित्राला बोलावून खोली रिकामी करून घ्या. त्यानंतर दाराखालची फट आणि नालीकडे उघडणारे भोक बारीक जाळीने बंद करा.

कोपऱ्यात कार्बोलिक ॲसिड शिंपडण्याचा विचार तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिला आहे. ते करू नका. साप त्याला जुमानत नाही, आणि रांगणाऱ्या मुलाची त्वचा व श्वास मात्र त्याने भाजून निघतो. उंदीर राहणार नाहीत, विटा-लाकडे-गोवऱ्या भिंतीपासून दूर राहतील आणि कूलरमधून गळणारे पाणी साचणार नाही, एवढे पाहिले तरी सापाला तुमच्या घरात थांबण्याचे कारण उरत नाही.

प्रश्न : आम्ही एप्रिलपासून गच्चीवर झोपतो. समजा साप चावला आणि तो ओळखता आला नाही, तर डॉक्टर औषध कसे देणार? साप मारून सोबत न्यावा का? (एक वाचक, कामठी)

न्यावयाचा नाही, मारावयाचाही नाही, आणि शोधण्यात एक मिनिटही घालवायचे नाही. या सदरात इतक्या बारकाईने ओळख सांगत असलो तरी उपचार त्या ओळखीसाठी थांबत नाहीत. भारतात मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर मिळून तयार केलेली असते. डॉक्टर लक्षणे पाहतात, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात, आणि रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा परिणाम असल्याचे समजतात. पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळता न येणे ही नाग आणि मण्यारीच्या विषाची लक्षणे आहेत. मारलेल्या सापाचे डोकेसुद्धा काही काळ चावू शकते, आणि सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही लक्षात असू द्या.

गच्चीवर आणि अंगणात जमिनीवर झोपणाऱ्यांना खरे भय मण्यारीचे आहे. ती रात्री हिंडते, अंथरुणात शिरते आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की झोपलेला माणूस पुष्कळदा जागाही होत नाही. पहाटे कोणी पोटात कळा येतात, उलट्या होतात, डोळे उघडत नाहीत असे सांगू लागले, तर अंगावर खूण दिसो वा न दिसो, अपचन समजून ओवा देत बसू नका. सरळ नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. त्याआधीचा साधा उपाय म्हणजे खाटेवर झोपणे, आणि जमिनीवरच झोपायचे असल्यास मच्छरदाणीच्या चारही कडा गादीखाली नीट खोचणे. मण्यारीपासून बचाव करणारी याहून स्वस्त वस्तू मला माहीत नाही.

दंश झालाच तर त्या हाताच्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, कारण सूज आल्यावर ती निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून हात किंवा पाय स्थिर ठेवा, रुग्णाला चालू देऊ नका आणि १०८ क्रमांकाला फोन करा. दोरी करकचून आवळणे, ब्लेडने चीर देणे, तोंडाने रक्त ओढणे आणि मांत्रिकाकडे नेणे, यांतले काहीही करू नका. साप दुरून दिसला असेल तर जेवढे आठवते तेवढे डॉक्टरांना सांगा, आणि घड्याळात पाहून दंशाची वेळ कागदावर लिहून घ्या, कारण रुग्णालयात सर्वप्रथम तीच विचारली जाते.